आजीच्या कबरीवरचं गवत

लीचुपे, ११ एप्रिल २०१०

प्रिय आई,

फोनवर तू "जेवलीस का" आणि "थंडी कमी झाली का" एवढंच विचारतेस, मी "हो" म्हणते, आणि मग तुला पाळीवर जायचं असतं. म्हणून आजपासून पत्र लिहायचं ठरवलं आहे. पत्र तू आयर्लंडमध्ये मशरूमच्या शेडमधून खोलीवर आल्यावर, पाय वर घेऊन, सावकाश वाचू शकशील.

बर्फ गेला. नदी कुरणात शिरली आहे आणि बदकं आपल्या बटाट्याच्या वाफ्यात पोहतात. बाबा बरे आहेत. हल्ली दिवसभर मोकळ्या हवेत असतात, चेहरा लाल झाला आहे.

मला नोकरी लागल्याचं तुला सांगितलं होतं, पण कसली ते नीट सांगितलं नव्हतं. तू गेल्यावर सरकारने बेरोजगारांसाठी एक योजना काढली. गावाची कामं करायची आणि महिन्याला शंभर लात्स घ्यायचे. गावात सगळे या लोकांना शंभरीवाले म्हणतात. मी त्यांच्या गटाची प्रमुख आहे. घराण्यातली पहिली पदवीधर, अर्थशास्त्राची, आणि माझ्या हाताखाली सतरा दाताळी! हसू नकोस. ग्रामप्रमुख लौमाबाईंनी मला बोलावून सांगितलं, "आग्रिता, यांना काम शोधून दे. रिकामी दिसली की लोक बोलतात." पण नियम असा की पगारी माणसाचं काम हिरावेल असं काहीही करायचं नाही. मग उरतं काय? आम्ही पानं गोळा करतो. बसथांब्याचं बाकडं रंगवतो. वाळलं की पुन्हा रंगवतो.

काल बिरुता दाताळ्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "आग्रिताबाई, हे पान मी सोमवारी उचललं होतं. चेहरा ओळखला मी त्याचा."

झिगुर्द्स म्हणाला, "मग विचार की त्याला, आयर्लंडला कधी जातोस!"

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येताना मला फार वाईट वाटलं. बिरुताने वीस वर्षं तुझ्या शेजारच्या मशीनवर कोट शिवले. झिगुर्द्स डोळे मिटून ट्रॅक्टर खोलू शकतो. अशा माणसांना आपण एकच पान पुन्हा पुन्हा उचलायला लावतो, आणि त्याला मदत म्हणतो. आमचे प्राध्यापक सांगायचे की संकटातून देश सावरतो तेव्हा आधी निर्यात सावरते, मग नोकऱ्या, आणि शेवटी माणसं. मला वाटतं, माणसांचं काम आधीही सुरू करता येईल. मी खरंखुरं काम शोधून काढणार आहे.

ऑगस्टमध्ये कबरींच्या सणाला, सगळं गाव दफनभूमीत जमेल तेव्हा, येशील ना? आजवर तू एकही सण चुकवलेला नाहीस. सुट्टी आत्ताच मागून ठेव.

तुझी,
आग्रिता


लीचुपे, ६ जून २०१०

प्रिय आई,

काम सापडलं!

ईस्टरनंतर मी दफनभूमीत गेले होते. निम्म्याहून जास्त कबरींची वाळू हिवाळ्यापासून तशीच पडलेली. वर पाईनच्या काटक्या, सुकलेल्या माळा, विझलेल्या मेणबत्त्यांचे डबे. यांची माणसं कुठे आहेत ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. कोणी इंग्लंडला कोबी कापतं, कोणी तुझ्यासारखं मशरूम तोडतं. हे काम कोणाची नोकरी हिरावत नाही. कोणाच्या तरी आईबापांची ही कबर आहे, हे काम निरर्थक कसं असेल?

बिरुता मात्र अडून बसली. "दुसऱ्याच्या मेलेल्याला हात लावायचा नसतो. परक्याने दाताळं फिरवलं म्हणजे त्या घराचं कोणी उरलं नाही, असा अर्थ होतो. माझ्या आईच्या कबरीला कोणी हात लावला असता तर मी त्याचं दाताळं त्याच्याच डोक्यात घातलं असतं."

मी म्हटलं, "मग आपण विचारून करू."

मी घरोघरी पत्ते गोळा केले, सगळ्यांना ईमेल लिहिली. आई, मला वाटलं होतं की लोक रागावतील. एकानेही नाही म्हटलं नाही. काहींनी तर तासाभरात उत्तर दिलं. मग आम्ही नदीकाठची पांढरी वाळू आणली, शेवाळ खरवडलं, झेंडू लावले. बिरुताने एकदा हात लावल्यावर तिला आवरणं कठीण झालं. वाळूत दाताळ्याने काय नक्षी काढते! माशाच्या काट्यासारखी, एका ओळीला दुसरी ओळ लागलेली, आणि मागे मागे येत स्वतःची पावलं पुसत बाहेर. झिगुर्द्सची नक्षी वाकडी आली तर म्हणाली, "ट्रॅक्टर आहे का तो? म्हातारी उठून चालायला लागेल त्यावरून."

प्रत्येक कबरीचा फोटो काढून मी त्या त्या घरच्यांना पाठवला. आपल्या आजीचा फोटो छापून सोबत पाठवते आहे. ती नक्षी मंगळवारी बाबांनी काढली. काढताना पुटपुटत होते, "सासूबाई, जिवंतपणी तुम्ही अंगणातसुद्धा दाताळं धरू दिलं नाहीत मला. म्हणायचात, तालिवाल्दिस, तू नुसती माती खरवडतोस. आता बोला."

मंगळवारी सकाळी कामाच्या वेळी बाबा तिथे काय करत होते, हे तू विचारशीलच. मार्चपासून तेही माझ्या गटात आहेत. लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून घरी बसून त्यांना भिंती खायला उठल्या होत्या. "तुझ्या आईला लिहू नकोस" असं त्यांनी बजावलं होतं, आणि मी लिहून बसले. कामावर ते मला "बाईसाहेब" म्हणतात. पहिल्या दिवशी गमतीने म्हणाले, आता सवयीने म्हणतात. गिरणीचा मुकादम माणूस, सकाळी माझ्यापुढे उभं राहून हजेरीची सही करतो. मी त्या वेळी दुसरीकडे बघते.

पण या कामावर ते शीळ घालतात, आई. कितीतरी महिन्यांनी.

लोकांची आभाराची पत्रं येतात. इंग्लंडहून नॉर्मुंड्सने लिहिलं, "आग्रिता, आईची कबर पाहून मी रडलो. तू आमच्या डोक्यावरचं ओझं उतरवलंस." मी ते गटाला वाचून दाखवलं तेव्हा बिरुतानेही नाक पुसलं.

तिकीट काढलंस का?

तुझी,
आग्रिता


लीचुपे, ९ ऑगस्ट २०१०

प्रिय आई,

सण झाला. तू आली नाहीस ते तुला माहीतच आहे. बाकीचं सांगते.

संस्कृतिभवनातली सगळी बाकडी आम्ही आदल्या दिवशी दफनभूमीत नेऊन मांडली होती. दरवर्षी ती पुरत नाहीत, लोक झाडांना टेकून उभे राहतात, म्हणून शाळेच्या बंद इमारतीतलीही आणली. बिरुताने दोन पराती भरून मांसाचं सारण घातलेले पाव भाजले. शेजारच्या गावचा बँड आला. त्यात आता चारच जण उरले आहेत, आणि ढोलवाला कर्णाही वाजवतो.

आणि बाकडी रिकामी राहिली.

रीगाची बस आली तेव्हा सगळे फाटकाकडे बघत होते. दोन माणसं उतरली. त्यातला एक पाद्री होता.

आई, कबरी इतक्या सुंदर कधीच दिसल्या नव्हत्या. पाद्री एकेका घराण्याचं नाव घेत होता आणि त्या त्या कबरीपाशी, रेखीव वाळू आणि ताज्या झेंडूंपाशी, कोणीच उभं नव्हतं. बाबा आजीच्या कबरीपाशी एकटे उभे होते. दर वेळी टोपी कुठे ठेवायची ते तू सांगतेस. या वेळी ती ते हातातच फिरवत राहिले. मी आयोजक म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं.

मला वाटलं, तिकिटं महाग झाली असतील. मालक सुट्टी देत नसतील. संध्याकाळी घरी येऊन ईमेल उघडली तर नॉर्मुंड्सचा फोटो. स्पेनमधला समुद्रकिनारा, दोन्ही मुलं वाळूत. खाली लिहिलं होतं, "तुझ्यामुळे यंदा पहिल्यांदा खरी सुट्टी मिळाली. दरवर्षी सगळी रजा गवत उपटण्यात जायची. देव तुझं भलं करो!"

मी ते कितीतरी वेळा वाचलं. तो मनापासून आभार मानत होता. तेच फार वाईट होतं.

मग तुझा फोन आला. तू म्हणालीस, "फोटो मी सगळ्या बायकांना दाखवला. एवढं स्वच्छ आहे, मी येऊन काय वेगळं करणार होते? शिवाय ऑगस्टमध्ये जादा पाळीचे पैसे चांगले मिळतात."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

आई, बरोबर नव्हतं. ही सगळी माणसं इतकी वर्षं का येत होती, हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. मला वाटायचं, सण आहे म्हणून येतात, घर आठवतं म्हणून येतात. येत असतीलही. पण तिकीट काढायला लावायचं ते गवत. सणाच्या दिवशी आपली कबर अस्ताव्यस्त दिसली तर गाव काय म्हणेल, या लाजेनं माणूस रजा मागायचा, बसमध्ये बसायचा, आणि एकदा आला की चार दिवस राहायचा, छपराचा पत्रा ठोकायचा, शेजाऱ्याकडे जेवायचा. ती लाज मी दाताळ्याने साफ करून टाकली. वर फोटो काढून पाठवला.

बिरुता उरलेले पाव घरोघरी वाटून आली. मला म्हणाली, "रडू नकोस पोरी. भुकेल्याला भाकर दिली आणि तो चुलीपाशी यायचा बंद झाला, यात भाकरीचा काय दोष?"

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

आग्रिता


लीचुपे, २७ फेब्रुवारी २०११

प्रिय आई,

इतके दिवस लिहिलं नाही. नाताळात तू पाठवलेला स्वेटर मी घालते. बाबांना त्यांचा घट्ट होतो, पण ते कबूल करत नाहीत.

आज चांगली बातमी आहे. गिरणी सुरू झाली! स्वीडनच्या लोकांना पुन्हा फळ्या हव्या आहेत. बाबांना बोलावणं आलं. मुकादम म्हणून नाही, करवतीवर, आणि पगारही पूर्वीपेक्षा कमी आहे, पण पहिल्या दिवशी ते पहाटेच उठून दाढी करत होते. निघताना म्हणाले, "बाईसाहेब, राजीनामा देतो." मी म्हटलं, "मंजूर." मग ते बर्फातून निघून गेले.

वर्तमानपत्रात येतं की आपला देश सावरतो आहे. बाहेरचे लोक आपलं उदाहरण देतात म्हणे. मी कात्रणं जपून ठेवते, कारण यात खोटं काही नाही. ट्रक पुन्हा दिसतात. दुकानात लिंबं आली आहेत. पुढच्या महिन्यात जनगणना आहे आणि लौमाबाई आत्ताच धास्तावल्या आहेत. म्हणाल्या, "पैसा मोजायला सोपा गं. माणसं मोजायला बसलो की कळेल काय सावरलं ते."

वर्षाअखेर शंभरीवाल्यांची योजना बंद होणार. पुरुषांना गिरणीत, जंगलात काम मिळेल. बायकांना काय? शिवणाचा कारखाना काही परत येत नाही. लौमाबाईंनी बोलावून विचारलं, "ते कबरींचं काम पैसे घेऊन का नाही करत? बाहेरचे लोक आनंदाने देतील. बिरुता आणि आणखी दोघींचं पोट भरेल. सहकारी संस्था काढ. तू शिकलेली आहेस."

मी म्हटलं, "त्यामुळेच तर लोक यायचे थांबले."

"गेल्या वर्षी थांबले म्हणून यंदा येतील, असं वाटतं तुला?"

मी नाही म्हणून बाहेर आले. व्हरांड्यात बिरुता उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती एरवी चेष्टेशिवाय बोलत नाही. आज नाही केली. म्हणाली, "तुझ्या आईनं परत यावं म्हणून मी उपाशी राहायचं का, आग्रिता?"

मला विद्यापीठात सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला शिकवलं. मी तिला सांगितलं की विचार करते. पण विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

परवा फोनवर मागून कोणीतरी हसत तुला विझ्माऐवजी लाडाने "विझी" म्हणून हाक मारली. तूही हसलीस. इतकं मोकळं हसणं मी आपल्या घरात फार ऐकलं नव्हतं. तुला तिथे बरं वाटतं का? तसं असेल तर तू मला सांगत का नाहीस?

आग्रिता


लीचुपे, १२ जून २०११

प्रिय आई,

तू पाठवलेले पैसे आजच परत पाठवले आहेत. बँकेत यायला चार-पाच दिवस लागतील. आधी हे सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला गोंधळ वाटणार नाही.

संस्था आम्ही एप्रिलमध्ये सुरू केली. बिरुता, गटातली वालिया आणि बंद पडलेल्या शाळेतली स्वयंपाकीण, तिघी आहेत. हिशेब आणि पत्रव्यवहार माझा. एका उन्हाळ्याचं काम आत्ताच हातात आहे, शेजारच्या गावांतूनही विचारणा होते. बिरुताने पहिल्या पगारातून बूट घेतले आणि ते सगळ्या गावाला दाखवले. मी हे काम मनापासून करते. ज्याला यायचं नाही त्याला मी ओढून आणू शकत नाही, आणि बिरुताच्या पोटावर पाय देण्याचा मला अधिकार नाही.

पण परवा बँकेची चिठ्ठी आली. पाठवणाऱ्याचं नाव विझ्मा, गाव मोनाहन. "आईच्या कबरीसाठी. पूर्ण वर्ष, झेंडूंसह."

आई, तू मला गिऱ्हाइकासारखं लिहिलंस.

मला माहीत आहे, तुला वाटलं असेल की पोरीने काही उभं केलं आहे, आपणही हातभार लावावा. फुकट कशाला करून घ्यायचं. तुझा स्वभावच तसा आहे. माझी फीसुद्धा तू एकदाही उशिरा भरली नाहीस. पण ती चिठ्ठी हातात धरून मी कचेरीत बसून राहिले. बिरुताने डोकावून वाचली.

"चांगलं आहे की," ती म्हणाली. "वर्षाचे पैसे एकदम."

"मी ही ऑर्डर घेणार नाही."

"गिऱ्हाईक परत पाठवतेस? तेही सख्ख्या आईला?"

"सगळ्यांच्या कबरी करू. ही नाही."

"अगं, लोक तोंडात शेण घालतील. कबरींच्या संस्थेच्या बाईची स्वतःचीच आजी गवतात!"

"घालू देत."

ती म्हणाली, "शिकून शिकून वेडी झालीस." पण दार हळूच लावून गेली.

तर आजीच्या कबरीवर आज काय आहे ते तुला सांगते. फोटो पाठवणार नाही, सांगते. तू येशील म्हणून यंदा मी तिला कोणालाच हात लावू दिलेला नाही. गवत गुडघ्याएवढं झालं आहे. डाव्या कोपऱ्यात बर्चचं रोप उगवलं आहे. वाळूवर मुंग्यांनी ढीग केला आहे. दगडावरचं नाव पुसट दिसतं. दोन्ही बाजूंच्या कबरी बिरुताने चकचकीत केल्या आहेत, त्यामुळे आपली आणखीच डोळ्यांत खुपते.

बाबा रविवारी दाताळं घेऊन निघाले होते. मी दफनभूमीच्या फाटकात आडवी उभी राहिले.

"बाजूला हो, पोरी. मला गावात मान वर करून चालता येत नाही."

"ती आईची आई आहे, बाबा."

"माझी सासू आहे. बारा वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही."

"आई येईल आणि करेल."

"आणि नाही आली तर?"

ते मला वळसा घालून आत गेले, पण आपल्या कबरीला शिवले नाहीत. तिच्या बाहेरची वाट तेवढी झाडली आणि परत आले. जेवताना म्हणाले, "तुझ्या आईचा हट्ट तुझ्यात उतरलाय. एकाच घरात दोन नकोत म्हणून ती गेली असेल."

मला हे बरोबर आहे की नाही ते ठाऊक नाही. मेलेल्या बाईला मी वेठीला धरलं आहे आणि तुला लाजेनं खेचते आहे, हे मला कळतं. तू रागावशील हेही कळतं. पण मी तुझ्याकडून पैसे घेऊन आजीची वाळू रेखणार नाही. इतकंच मला नक्की माहीत आहे.

आग्रिता


लीचुपे, १७ जुलै २०११

प्रिय आई,

काल तू फोनवर "जेवलीस का" विचारलं नाहीस. पहिल्याच वाक्याला ओरडलीस. "गावातल्या दोन बायका इथे माझ्या शेडमध्ये आहेत, त्यांच्यासमोर माझं नाक कापलंस! त्यांच्या माणसांच्या कबरी आरशासारख्या, आणि माझ्या आईच्या डोक्यावर जंगल! यासाठी शिकवलं का मी तुला?"

मी ऐकत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, तुझा आवाज त्यांनाही ऐकू येत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "ओरडत होती." ते म्हणाले, "पूर्वीसारखी?" मी म्हटलं, "अगदी पूर्वीसारखी." मग ते उगीचच जाऊन गॅरेजचं दार दुरुस्त करत बसले.

आई, तू दोन वर्षं माझ्याशी पाहुण्यासारखी बोलत होतीस. काल माझी आई बोलली.

तू आणखी एक म्हणालीस, आवाज खाली आणून. "तुला वाटतं तितकं सोपं नाही येणं. तिथे आले की सगळे विचारतात, कधी परतणार. काय सांगू?" मीही तेच विचारणार होते. आता विचारणार नाही. बाबांनाही सांगून ठेवते. बिरुताचं मात्र माझ्या हातात नाही.

आग्रिता


लीचुपे, शुक्रवार, ५ ऑगस्ट २०११

आई,

या पत्राला तिकीट लावलेलं नाही. टेबलावर ठेवून मी कामावर जाते आहे. उद्याच्या सणाची बाकडी हलवायची आहेत आणि माझ्याशिवाय कोणाला किल्ल्या देत नाहीत. तुझी बस साडेचारला येते. बाबांची पाळी पाचपर्यंत आहे. त्यांनी सुट्टी मागितली होती, मग स्वतःच परत घेतली. म्हणाले, "फाटकात उभा राहिलो तर ती म्हणेल, काय काम नाही का तुला." सकाळी मात्र नवा शर्ट घालून करवतीवर गेले आहेत. येतील तेव्हा शर्टभर भुसा असेल. त्यावरून त्यांना बोलू नकोस. किंवा बोल, त्यांना आवडेल.

बीटाचं गार सूप तळघरात आहे, बटाटे चुलीवर झाकले आहेत. बिरुता काहीतरी पाठवेलच. तू येणार हे तिला कळलं तेव्हा म्हणाली, "चला, एक गिऱ्हाईक गेलं हातचं," आणि दिवसभर गुणगुणत होती.

यंदा बाकडी भरतील असं मी कोणालाच सांगितलेलं नाही. भरणार नाहीत. नॉर्मुंड्सने पैसे वेळेवर पाठवले आहेत आणि त्याच्या आईची कबर मीच फोटोसाठी पुसली. जनगणनेत आपण वाटलं होतं त्याहून बरेच कमी निघालो. गिरणी आता दोन पाळ्यांत चालते. हे सगळं एकाच वेळी खरं आहे, आणि त्याची बेरीज काय होते ते मला अजून मांडता येत नाही.

तुझं परतीचं तिकीट सोमवारचं आहे, हे बाबांनी सांगितलं. तिथे तुला आता बारा जणींवर देखरेखीचं काम दिलं आहे, तू इंग्रजीच्या वर्गाला जातेस, सायकल घेतलीस, हेही त्यांनीच सांगितलं. मला का सांगितलं नाहीस ते मला कळलं. मी तुझ्या प्रत्येक सुखाला "मग कधी येणार" असं उत्तर दिलं असतं.

तर आता सांग. तुला तिथे आवडतं, असं सांगायचं असेल तर सांग. कधीच परत येणार नाहीस, असं असेल तर तेही सांग. मी ऐकायची तयारी केली आहे. तयारी पुरी झालेली नाही, मी रडेन, पण ऐकून घेईन. फक्त या टेबलापाशी बसून सांग. आणि माझ्यावर रागावायचं असेल तर आधी जेव.

थकली नसलीस तर संध्याकाळी आजीकडे जाऊ. उजेड उशिरापर्यंत असतो. गवत चिवट झालं आहे, एकटीने निघणार नाही. गेल्या वर्षी मी सतरा माणसांकडून कबरी करून घेतल्या, फोटो काढले, पत्रं लिहिली. पण आजीच्या वाळूवर तू कशी नक्षी काढतेस, सुरुवात कुठून करतेस, दाताळं कुठे उचलतेस, ते मला येत नाही. लहानपणी तू करायचीस तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने खेळायला पळायची.

म्हणून पाचपर्यंत थांब, मी येतेच. माझ्याशिवाय सुरुवात करू नकोस.

आग्रिता